विमलकाकूंचं मागचं दार

मी शिट्टी वाजवली आणि एकही मुलगी जागची हलली नाही.

सगळ्या पंगतीत बसल्या होत्या, समोर डाळ-भात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग विमलकाकूंकडे बघितलं आणि पुन्हा जेवायला लागल्या.

"आग! आग!" मी ओरडले. "समझो कि आग लगी है. बाहर निकलो!"

"खाना खतम कर लें, दीदी? फिर निकलते हैं," एकीने अदबीने विचारलं.

शेवटी विमलकाकू कडाडल्या, "उठो सब!" तेव्हा कुठे त्या उठल्या आणि सुसाट धावत सुटल्या. पण आतल्या खोलीकडे, आपापल्या पेट्या आणायला. कुणी उशी उचलली, कुणी रिबिनी. एका छोटीने मांजर पोटाशी धरलं. मग तो सगळा लोंढा पेट्यांसकट मागच्या दाराशी येऊन थडकला. दाराला कुलूप होतं. किल्ली काकूंच्या कमरेच्या जुडग्यात होती, पण जुडग्यातली नेमकी कोणती, ते काकूंना आठवेना. सापडली तर कुलूप गंजलेलं. चौकीदार हरप्रसाद तेल आणायला स्वयंपाकघरात पळाला. आग स्वयंपाकघरातच लागली आहे असं आम्ही धरून चाललो होतो, ही गोष्ट तो विसरला.

पूनम नावाची एक मोठी मुलगी भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "दीदी, इतनी देर में तो हम जल चुके."

या खोट्या आगीला आम्ही मॉक ड्रिल म्हणतो. खरी आग लागली तर काय होईल, त्याची रंगीत तालीम. ही आमची पहिली तालीम, आणि ती अशी पार पडली.

मी तेव्हा झाशीत बाल संरक्षण अधिकारी होते. जिल्ह्यातल्या बालगृहांत मुलं नीट राहतात ना, त्यांना इजा होईल असं काही नाही ना, हे बघायचं माझं काम. बालगृह म्हणजे ज्यांना घर नाही, किंवा ज्यांचं घरच धोक्याचं आहे, अशा मुलांना ठेवण्याची जागा. झाशी मोठं जंक्शन. चारी दिशांच्या गाड्यांतून चुकलेली, सोडून दिलेली, रुसून निघालेली मुलं आमच्या फलाटांवर उतरतात. हे मुलींचं बालगृह ओरछा गेटच्या आत एका गल्लीत होतं. पुढचं दार, त्याला लागून स्वयंपाकघर, मग लांबच लांब बोळ आणि शेवटी मुलींची झोपायची खोली. त्या खोलीतून मागच्या अंगणात जायला एक दार, आणि अंगणाच्या भिंतीत मागच्या गल्लीचं फाटक. खिडक्यांना सगळीकडे लोखंडी जाळ्या. स्वयंपाकघरात आग लागली की पुढची वाट बंद. मग उरायचं फक्त ते मागचं दार. आणि त्याला कुलूप.

विमलकाकू तिथल्या अधीक्षिका, म्हणजे घरच्या कर्त्याच म्हणा. त्या आमच्यासारख्याच झाशीच्या जुन्या मराठी घरातल्या. माहेर-सासर दोन्ही खंडेराव गेटजवळ, आणि माझ्या आईच्या हळदीकुंकवाच्या मैत्रीण. त्यामुळे चारचौघांत त्या मला 'मॅडम' म्हणायच्या आणि खोलीत आम्ही दोघीच असलो की 'नंदे'. एरवी कामाचं सगळं बोलणं हिंदीत. भांडायचं असलं की मात्र आम्ही मराठीवर यायचो, म्हणजे स्टाफला कळू नये.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ मराठीत बोललो.

"काकू, ते कुलूप काढा."

"माकडं येतात, नंदे."

"आग लागली तर?"

"आग कधीतरी लागते. माकडं रोज येतात. गेल्या झेंडावंदनाला शिऱ्याचं अख्खं पातेलं उचलून नेलं त्यांनी. वर नुसतं खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी. भिंतीवर बसून मुलींना दाखवून दाखवून खाल्लं."

माकडांचं खोटं नव्हतं. झाशीत माकडांना पत्ता विचारावा इतकी ती इथली जुनी रहिवासी. म्हणून मी पॅनिक बारचा तोडगा सुचवला. पॅनिक बार म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला बसवलेला आडवा दांडा. तो ढकलला की दार उघडतं. बाहेरच्या बाजूला कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. बाहेरचं माकड बाहेरच राहतं. घाबरलेल्या माणसाला किल्ली लावता येत नाही, पण ढकलता नक्की येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आतून कुणीही उघडू शकतं?"

"हो. त्यासाठीच तर तो असतो."

काकूंनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. आणि मग कारणं वाढली. पुढच्या खेपेला गेले तर भटकी कुत्री निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या, दक्षिणेचं दार उघडं ठेवू नये."

"काकू, हे दार पश्चिमेला आहे."

"मग पश्चिमेचंही ठेवू नये."

गंमत म्हणजे माझ्या बाकीच्या सूचना त्यांनी लगेच मानल्या होत्या. गॅसचं सिलिंडर स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या भिंतीशी जाळीच्या पेटीत ठेवलं. न्हाणीघरातला तुटका प्लग बदलला. आजारी मुलीसाठी वेगळी खाट आली. एवढ्या एका दारावर मात्र गाडी अडली. मी लखनौला दीक्षितसाहेबांना फोन केला. ते आमचे वरिष्ठ. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध.

"ऑर्डर निकालिए," ते म्हणाले. "और सुनिए, मैं खुद देखने आऊंगा."

ऑर्डर काढली. आठवड्याभरात काकूंचा निरोप आला, काम झालं. मी खुशीत गेले. दाराला चकचकीत दांडा बसवला होता. त्या दांड्यातून एक जाड साखळी ओवली होती आणि साखळीला नवं कोरं कुलूप होतं. आधीच्यापेक्षा मोठं.

"काकू, हे काय?"

"ऑर्डरमध्ये दांडा बसवा असं होतं. बसवला. कुलूप काढा असं कुठे लिहिलंय, मॅडम?"

खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी त्यांनी मला मॅडम म्हटलं. तेव्हा मला कळलं की प्रकरण माकडांचं नाही.

मी पर्स खाली ठेवली. "काकू, चहा पाजता का?"

चहा सांगितला गेला. तो येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम बोलायला लागल्या. पूर्वी त्या दुसऱ्या एका बालगृहात होत्या. तिथली एक मुलगी मागच्या दाराने निघून गेली. काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या स्टेशनवर सापडली, धडधाकट. पण मधले ते दिवस काकूंनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. चौकशी बसली. काकूंना घरी बसवलं. दाराची कडी आधीपासून मोडकी होती हे सिद्ध व्हायला फार काळ गेला. तोवर गल्लीतल्या लोकांनी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं होतं.

"आग लागली तर लोक म्हणतील, नशीब," काकू म्हणाल्या. "मुलगी पळाली तर म्हणतील, विमल. अजून रात्रीची दचकून उठते मी. तुझ्या दांड्याने माझी मेलीची झोप कुठून परत येणार?"

याला नियमपुस्तकात कलम नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काकू, मी बोलू?"

पूनम चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आम्ही दोघी थिजलो.

"तुला मराठी येतं?" काकूंनी विचारलं.

"बोलता कम येतं. कळतं सगळं. सबको कळतं," पूनम म्हणाली. "आप दोनों रोज मराठीत ही तो लड़ती हैं."

म्हणजे इतक्या दिवसांची आमची सगळी गुप्त भांडणं हे मुलींचे भाषेचे तास होते. नंतर समजलं की 'मेली', 'कार्टी' आणि 'डोकं फिरलंय का' हे शब्द तिथल्या सगळ्यात लहान मुलीलाही येत होते, आणि योग्य जागी वापरता येत होते.

"बोल," काकू म्हणाल्या.

पूनमने ट्रे ठेवला. "मैं दूसरे होम से दो बार भागी हूं. भागने वाला पीछे का दरवाजा थोड़े ढूंढता है. आगे से तो हम रोज स्कूल जाते हैं. बस्ता लेकर. टिफिन लेकर. जिसको जाना होगा वो स्कूल से जाएगा. खाना भी साथ रहेगा."

काकूंचा हात कपाळाला गेला. "नंदे, आता शाळा बंद करायची का गं?"

"नको, काकू," पूनम घाईघाईने म्हणाली. "यहां से कोई क्यों भागे? उस होम में मैं सुबह भागी, शाम तक किसी को पता नहीं चला. मला तर बुरा वाटलं. यहां नहाने में जरा देर हो जाए तो आप दरवाजा पीटती हैं."

एवढं बोलून ती निघून गेली. काकूंनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता, तरी त्या फुंकर मारून प्याल्या. मग म्हणाल्या, "कुलूप काढते. पण दार उघडलं की मला कळलं पाहिजे. मी न्हाणीघरात असले तरी, देवाला बसले असले तरी. त्याच क्षणी."

मागणी अगदी रास्त होती. अशा दारांना अलार्म बसवतातच. इलाइट चौराह्यावरच्या एका इलेक्ट्रिकवाल्याकडे आम्ही गेलो. तो म्हणाला, दाराचा अलार्म बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल. काकूंना आता धीर धरवेना. त्यांनी दुकानातली प्रत्येक घंटी वाजवून बघितली आणि नाक मुरडलं. शेवटी त्याने फळीच्या मागून एक काळा डबा काढला. तार जोडताच डबा एका बाईच्या खणखणीत आवाजात बोलला, "कृपया ध्यान दें! गाड़ी पीछे आ रही है! कृपया ध्यान दें!"

तो ट्रकचा रिव्हर्स हॉर्न होता.

"हाच द्या," काकू म्हणाल्या.

"काकू, अहो, दारातून गाडी कुठे मागे येणार आहे?"

"आवाज बघ ना किती स्वच्छ आहे. मला काय, कळल्याशी कारण."

पुढच्या तालमी झकास झाल्या. मुलींनीच नियम ठरवले. पेट्या सोडायच्या. मोठीने एका छोटीचा हात धरायचा. अंगणात लिंबाखाली ओळीत उभं राहायचं, काकू मोजतील. मांजराचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली आणि मांजर आपलं आपण बघेल असं ठरलं. हॉर्न वाजला की सगळ्या एका सुरात त्या बाईची नक्कल करत बाहेर पडायच्या.

आणि मग लखनौहून दीक्षितसाहेब आले.

साहेब येणार म्हणून सकाळपासून गडबड. काकूंनी पुऱ्यांचा बेत केला होता. स्वयंपाकीण रामकली कढईसमोर बसली होती. साहेबांनी पुढची खोली बघितली, रजिस्टरं बघितली, बोळातून चालत मुलींच्या खोलीत आले. शाळेला सुट्टी असल्याने सगळ्या मुली तिथेच होत्या, खाटांशी उभ्या. काकू गल्लीच्या फाटकातून मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करायला गेल्या होत्या. ते साहेबांना दिसू नयेत म्हणून.

"यह डंडा किसलिए है?" साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं.

मी या प्रश्नाची वाटच बघत होते. मी सुरू केलं. आपत्कालीन निर्गमन मार्ग म्हणजे काय, इतर ठिकाणी काय पद्धत आहे, दांडा किती उंचीवर असावा आणि का. साहेब मान हलवत होते. मला चांगला सूर लागला होता.

तेवढ्यात पुढे रामकलीची किंकाळी ऐकू आली. उघड्या पुढच्या दाराने एक दांडगं माकड स्वयंपाकघरात शिरलं होतं, आणि थेट पुऱ्यांच्या परातीवर बसलं होतं. रामकली पुढच्या दाराने रस्त्यावर पळाली. माकड पुऱ्या घेऊन तिच्या मागोमाग. कढई तशीच पेटत्या गॅसवर राहिली.

हे सगळं आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी फक्त किंकाळी आली, आणि थोड्या वेळाने जळकट वास. मी बोलतच होते. मग बोळातून काळा धूर खोलीत येताना दिसला.

"देखिए, सर," मी म्हणाले, "ऐसी ही स्थिति में..."

"साहब, हटिए," पूनम म्हणाली.

साहेब हटले नाहीत. त्यांना आयुष्यात असं कुणी सांगितलं नसावं. पूनमने एका हाताने एका छोटीला धरलं होतं. दुसऱ्या हाताने तिने साहेबांना बाजूला केलं आणि दांडा ढकलला. दार सताड उघडलं.

"कृपया ध्यान दें! गाड़ी पीछे आ रही है!"

साहेब उडी मारून भिंतीला चिकटले आणि गाडीला वाट करून दिली. ती कुठून येतेय ते बघत मान वळवत राहिले. त्यांच्या समोरून जोडीजोडीने मुली बाहेर पडल्या. कुणी धावलं नाही, कुणी पेटीकडे वळून बघितलं नाही. खोली रिकामी झाली. आत उरलो साहेब आणि मी, म्हणजे त्या घरातले सुरक्षेचे दोन अधिकारी. मग खोकत आम्हीही निघालो.

अंगणात काकू लिंबाखाली मोजत होत्या. शेवटपर्यंत मोजून झालं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं.

"पूनम कुठाय?"

पूनमने धरून आणलेली छोटी ओळीत उभी होती. पूनम नव्हती. अंगणाचं फाटक उघडं होतं, आणि पलीकडे मागची गल्ली.

काकूंच्या हातातले कपडे खाली पडले. त्या फाटकाकडे बघत राहिल्या. मी गल्लीत धावले. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. एकीकडे घरातून धूर निघतोय, दुसरीकडे मुलगी गेली, आणि शेजारी लखनौचे साहेब विचारताहेत, "गाड़ी कहां है?"

काकू मटकन ओट्यावर बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल, काकू," मी म्हणाले. मला तसं वाटत नव्हतं.

आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून पूनम आली. हरप्रसादचा हात धरून त्याला ओढत आणत होती. हरप्रसादचं डोकं ओल्या गमछ्यात गुंडाळलेलं, डोळे लाल.

"बता दिया हमने," पूनम धापा टाकत म्हणाली. "भैया मान ही नहीं रहे थे. खुद देख लो, भैया. सब यहीं हैं."

हरप्रसादने मुलींकडे बघितलं आणि तो मातीतच बसला. झालं होतं असं, की धूर दिसताच त्याने बाहेरच्या पेटीतलं सिलिंडर बंद केलं. मग मुली आत अडकल्या समजून तो गमछा भिजवून बोळात शिरायच्या बेतात होता. त्या धुरातून तो परत आला असता की नाही, कोण जाणे. पुढे कुणालाच कळलेलं नसणार की आपण मागून निघालो, हे पूनमच्या लक्षात आलं. म्हणून ती फाटकातून निघून घराला वळसा घालून पुढे गेली आणि त्याला दारातच अडवलं.

काकू उठल्या. पूनमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "न सांगता गेलीस? कार्टे, पुन्हा गेलीस तर तंगडं मोडीन!"

"हो, काकू," पूनम शुद्ध मराठीत म्हणाली.

मग काकूंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या तेल लावलेल्या केसांवर डोकं टेकून रडल्या. छोट्या मुली बघत होत्या. त्यातल्या एकीने शेजारणीला हळूच सांगितलं, "डोकं फिरलंय."

गॅस बंद झाल्यावर आग फार टिकली नाही. धूर ओसरल्यावर हरप्रसादने आत जाऊन कढईवर परात उपडी घातली. स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली, एक फळी जळाली, पुऱ्या गेल्या. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. साहेबांच्या कोपराला दाराची कड लागली, तेवढंच.

साहेबांनी लखनौला जाऊन अहवाल लिहिला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घेतलेली तालीम अत्यंत वास्तवदर्शी झाली, असं त्यात होतं. बाकीच्या बालगृहांत असे दांडे बसवण्याची ऑर्डर निघाली, आणि या वेळी कुलूप लावू नये हे वाक्य मी स्वतः घातलं. हॉर्नबद्दल आक्षेप आला: संदेश प्रसंगाला अनुरूप नाही, बदलावा. काकूंनी कळवलं, विचाराधीन आहे. त्या निवृत्त होईपर्यंत ते विचाराधीनच होतं.

नव्या अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगला मला अजून बोलावतात. तिथे मी दांड्याची उंची वगैरे सांगते, ते लिहून घेतात. शेवटी एवढंच सांगते की ऑर्डर काढण्याआधी समोरच्या बाईची झोप कशाने उडते ते विचारा. त्याला नियम लागत नाही, चहा लागतो. आणि आत पुऱ्या तळत असतील, तर तो बाहेर बसून घ्या.